खुलासा: स्पॅनिशमधला ‘विनो’ एक नव्हे, दोन शब्द

‘विनो म्हणजे वाइन आणि विनो म्हणजे आला, पाहुण्यासोबत वाइन येते म्हणून एकच शब्द’ हा फिरणारा मजकूर चुकीचा आहे. वाइनवाचक नाम लॅटिन ‘विनुम’पासून आले, तर क्रियापद ‘वेनिर’ (येणे) लॅटिन ‘वेनिरे’पासून. झिजता झिजता दोन्ही रूपे सारखी झाली, इतकेच. आपला क्षणवाचक ‘पळ’ आणि धावायला सांगणारा ‘पळ’ आठवा: पळभर थांब, मग पळ!

ओळखायचे कसे? ‘एल विनो विनो आयेर’, म्हणजे वाइन काल आली. ‘एल’ या उपपदानंतरचे नाम, पुढचे क्रियापद. शब्द चुकून दोनदा छापलेला नाही; कृपया खोडू नका. आणि ‘ती आली’ यालाही ‘विनो’च, ‘विना’ नव्हे. उच्चार मात्र दोन्हींचा ‘बीनो’च्या जवळ जातो.