लंडनमध्ये गुलाब घेताना घ्यायची काळजी

व्हॅलेंटाइन डे तोंडावर आलाय आणि तुम्ही लंडनला आहात, म्हणजे गुलाबातून सुटका नाही. पण हल्ली ऑफिसात कोणीतरी कार्बनचा विषय काढतंच आणि हातातला गुच्छ उगाच जड वाटू लागतो. घाबरू नका. थोडी तयारी ठेवलीत तर गुलाबही मिळेल आणि झोपही लागेल.

गुलाब कुठला, हे दुकानात विचारूच नका. विचारलंत तर बहुधा केनिया ऐकाल. नैरोबीच्या वायव्येला नैवाशा नावाचं गोड्या पाण्याचं तळं आहे, त्याच्या काठाने हरितगृहंच हरितगृहं. मिटलेली कळी कापायची, शीतगृहात घालायची, गार गाडीतून विमानतळावर न्यायची आणि साडेसहा हजार किलोमीटर उडवून युरोपात उतरवायची. आपल्याकडे आजारी माणसालाही इतक्या तत्परतेने कोणी हलवत नाही. बराच माल आधी हॉलंडात आल्समीरच्या लिलावात जातो. तिथे भाव वरून खाली घसरत येतो आणि जो पहिला बटण दाबेल त्याचा माल. 2009च्या दुष्काळात नैवाशा बरंच आटलं होतं. पण विमानात बसून परदेश पाहायचं भाग्य किती तळ्यांच्या पाण्याला लाभतं?

2010च्या एप्रिलात आइसलँडच्या ज्वालामुखीने युरोपची विमानं बंद पाडली, तेव्हा केनियात टनावारी फुलं फेकावी लागली आणि मजूर घरी बसले. हे मात्र पाठ करून ठेवा. ‘आपण घेतलं नाही तर त्या गरिबांनी काय खायचं?’ हे वाक्य गुच्छ हातात असताना फार शोभतं. मजुरी किती मिळते, हा प्रश्न मात्र त्याला जोडू नये.

एवढ्यावरही कोणी अडवलं तर हुकमाचा पत्ता काढा. 2007 साली इंग्लंडच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठात हिशेब मांडला गेला: केनियाच्या 12,000 गुलाबांमागे विमानासकट सुमारे 6,000 किलो कार्बन डायऑक्साइड, तर तेवढ्याच डच गुलाबांमागे 35,000 किलो. कारण तिकडे थंडीत काचघर तापवावं लागतं, दिवे लावावे लागतात. म्हणजे तुमच्या डझनाचे सहा किलो, डच डझनाचे पस्तीस. एकोणतीस किलो तुम्ही वाचवलेत! (गणितात नापास झालो तेव्हा मीही वडिलांना शेजारच्या पोराचे मार्क सांगितले होते. त्यांना काही हा हिशेब पटला नाही. ते क्रॅनफिल्डचे नव्हते.)

एक पथ्य कडक पाळा. फेब्रुवारीत इंग्लंडातल्याच कॉर्नवॉलच्या उघड्या शेतात डॅफोडिलची फुलं फुलतात. काचघर नाही, विमान नाही. दुकानाच्या दाराशी बादलीत त्यांच्या जुड्या असतात, त्याही स्वस्त. तिकडे बघू नका. ती जुडी एकदा का हिशेबात शिरली की सगळा हिशेबच नासतो. शिवाय एवढ्या स्वस्तात कोणी प्रेम करतं का?

तळेगावकरांसाठी खास सोय आहे. मावळातल्या पॉलिहाऊसचा गुलाबही याच दिवसांत विमानाने परदेशी निघतो. तो हाती लागला तर विमानाचा मुद्दाच मिटला, माहेरचा पाहुणाच तो.

घरी आल्यावर देठ तिरके कापून पाण्यात ठेवा आणि व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवा. टिकाऊ जात निवडताना वास मागेच राहून गेला आहे, तेव्हा ‘वास येतो का रे?’ असं तिने विचारलं की नेटवर्क गेलं म्हणा.