माझी गाडी गरम असताना बंद पडते भाऊ, गरम असताना!

आज दुपारी पावणेदोन वाजता नागपुरात अग्रसेन चौकात, भर सिग्नलवर, मागे चार कूलर लादलेले, आणि गाडी पुन्हा बंद. गांधीबागेत बाकीचे कूलर उतरवायला दहा-बारा मिनिटं इंजिन बंद ठेवलं होतं, बस तेवढंच. सेल मारला तर एका झटक्यात चालू झाली, चौकापर्यंत आली आणि खलास. गचका नाही, धूर नाही, कोणी चावी फिरवून बंद करावी तशी बंद. मग मारत बसा सेल, इंजिन गरगर फिरते पण उचलत नाही. वर मेट्रोचा पूल आहे म्हणून थोडी तरी सावली, नाही तर पारा ४५ च्या वर आणि मागचे पोट्टे हॉर्नवर हात ठेवून उभे. अबे, बंद पडलेल्या गाडीला हॉर्न देऊन ती चालू होते काय? खाली उतरून धक्का मारायला एक जण नाही आला.

पण माझं डोकं त्यांच्यावर नाही फिरलं. डोकं फिरलं ते नंतर गॅरेजमध्ये.

भाचा सोबत होता, त्याला म्हटलं मोबाईल काढ आणि मीटरचा व्हिडिओ घे. मी सेल मारतोय, इंजिन फिरतंय, आवाज येतोय, आणि आरपीएमचा काटा शून्यावर मेलेला, हलतच नाही. बॉनेट उघडलं, हात घातला तर चटका बसला, तरी बाटलीतलं पाणी क्रँक सेन्सरवर ओतलं, इंजिन फिरतंय की नाही ते सांगते तो, गिअरबॉक्सच्या तोंडाशी असते. दोन-तीन मिनिटं थांबलो, पुन्हा सेल मारला, काटा उठला आणि गाडी चालू! मेलेला काटा आणि उठलेला काटा, दोन्ही व्हिडिओत आहे. यापेक्षा जास्त पुरावा कोणी काय द्यावा?

गाडी तशीच गरम-गरम गॅरेजला नेली, मुद्दाम नेली. तर हा मेकॅनिक पठ्ठ्या माझ्याकडे न पाहता म्हणते, "आत्ता तर चालू आहे ना भाऊ, मग काय प्रॉब्लेम?" मी म्हटलं हा व्हिडिओ पहा. हातात पाना, नजर दुसऱ्या गाडीत, म्हणते, "व्हिडिओ पाहून गाडी बनते काय? वीस वर्षं झाली मी हे काम करून राहिलो." मी म्हटलं बावा चाळीस सेकंदांचा आहे, एकदा पहा. नाही पाहिला. चाळीस सेकंद नव्हते त्याच्याकडे, आणि मी भर उन्हात अर्धा तास चौकात उभा होतो. वरून सल्ला, "उद्या सकाळी सोडून द्या, बघतो." सकाळी! सकाळी थंड गाडी कोणाचीही चालू होते. चार वेळा सांगितलं, माझी गाडी थंड असताना कधीच दगा देत नाही, गरम झाल्यावर बंद करून दहा मिनिटांनी चालू केली की देते. हे वाक्य ऐकायला मेकॅनिकला कान लागतात, महागडी मशीन नाही लागत.

इंजिन बंद केलं की पंखा थांबते, पाणी फिरणं थांबते, आतली उष्णता जाईल कुठे? बॉनेटखालचा ताप उलट वाढते काही वेळ. सेन्सरच्या आत केसासारख्या बारीक तारेची कॉइल असते, तिला कुठे तडा गेला असेल तर गरम झाल्यावर ती फाकते आणि सिग्नल तुटते. सिग्नल नाही तर ईसीएमला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग तो डिझेल सोडणार तरी कसा? थंड झालं की तार पुन्हा जुळते आणि गाडी साळसूद. डिझेलचा त्रास असता, म्हणजे हवा पकडली असती किंवा डिझेल फवारणारे इंजेक्टर ते उलट मागे सोडत असते, तरी सेल मारताना काटा थोडा उठलाच असता. एवढा साधा फरक आहे हो!

आणि मार्चपासून या मेकॅनिकनं माझ्याकडून काय काय बदलून घेतलं ते ऐका. आधी डिझेल फिल्टर. मग डिझेलचा हातपंप. मग चारही इंजेक्टर काढून टेस्टिंगला, ९,००० रुपये, आणि तीन दिवस गाडी उभी, ऐन कूलरच्या सीझनमध्ये. एकाही पार्टच्या आधी टेस्ट नाही, बदला आणि बघा, पैसे माझे, शिकणार तो. स्कॅनर लावला तेव्हा मी बाजूलाच उभा होतो. पहिलं काम काय केलं, गाडीने नोंदवलेले बिघाडाचे सगळे कोड इरेज मारले, वाचले नाहीत, लिहिले नाहीत, इरेज! आणि मग म्हणते, "पहा, काहीच एरर नाही." रागाने माझे हात थरथरत होते. त्यात इंजेक्टर बसवल्यावर दोन बोल्ट उरले, ते डॅशबोर्डवर ठेवून दिले. म्हणते कंपनी जास्तच देते. सीटवर ग्रीसचा पंजा वेगळा, वायरिंगची एक क्लिप गायब, त्या दिवसापासून वायरींचा जुडगा लोंबतोय.

सगळ्यात लागलं ते शेवटचं. निघताना म्हणते, "२०१३ ची गाडी आहे, काऊन जीव लावता, विकून टाका." या गाडीवर घर चाललं, दोन्ही पोरींच्या फी भरल्या. दरवर्षी फिटनेस पास करतो, लागेल तेव्हा पर्यावरण कर भरतो, पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलतो. तुला दोष सापडत नाही म्हणून गाडी म्हातारी? अन् ज्याच्या घरी आज कूलर पोचायचा होता त्या जरीपटक्याच्या गिऱ्हाईकाचे चार फोन आले, घरी लहान बाळ आहे त्यांच्या, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू आहे, त्यांना मी काय सांगू?

संध्याकाळी स्पेअरच्या दुकानातून सेन्सर घेऊन आलो, ११५० रुपये. एक बोल्ट, एक कनेक्टर. जेवण झालं की भाच्याला टॉर्च धरायला लावून मीच बसवतो, आणि उद्या दुपारी बरोब्बर पावणेदोनला गांधीबागेत दहा मिनिटं इंजिन बंद करून उभा राहतो.