रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि मांजर घराबाहेर गेलं

परवा पुन्हा तो फॉरवर्ड आला. लाल डोळ्यांच्या मांजराचा फोटो, खाली ठळक अक्षरांत 'तुमच्या मेंदूत मांजराचा किडा तर नाही ना?' आणि शेवटी नेहमीचं 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'. पाठवणारी आमची आत्या. तिचा आमच्यावर फार जीव, म्हणून ग्रुपवर काही बोलले नाही. पण सहा वर्षांपूर्वी असल्याच एका फॉरवर्डपायी आमच्या घरात जे रामायण घडलं ते आठवलं. म्हटलं, आता एकदाचं लिहूनच टाकावं. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

धाकट्या बहिणीला दिवस गेले तेव्हा तिच्याकडे मनी होती. नऊ वर्षांची, घराचा उंबरठा न ओलांडलेली, पाल दिसली तरी पलंगाखाली दडणारी. तिसऱ्या महिन्यात बहिणीच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्यात टॉर्च नावाची एक होती. त्यातला 'टी' म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा, फॉरवर्डमधला तो 'मांजराचा किडा'. रिपोर्टवर आयजीजीच्या (संसर्गाशी लढायला शरीर बनवतं त्या अँटिबॉडीचा एक प्रकार) पुढे छापलं होतं: पॉझिटिव्ह. डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनंतरची होती. पण घरच्यांचा निकाल संध्याकाळीच लागला आणि मनीची टोपलीसकट माझ्याकडे रवानगी झाली. बहीण रात्रभर रडली. मांजरासाठी की बाळासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आणि तो रिपोर्ट चांगला होता! आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम (ताज्या संसर्गात आधी दिसणारी अँटिबॉडी) निगेटिव्ह. म्हणजे हा संसर्ग तिला कधीतरी पूर्वीच होऊन गेलेला, शरीराने त्याच्याशी तह केलेला, आणि त्यामुळे बाळाला धोका जवळजवळ नाहीच. काळजी घ्यायची असते ती दोन्ही निगेटिव्ह आलेल्या बाईने, कारण तिला पहिला संसर्ग अजून व्हायचा असतो आणि तो नेमका गरोदरपणात होऊ शकतो. डॉक्टरांनी दोन मिनिटांत हे समजावलं. तोवर दोन दिवस घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं.

तेव्हापासून मी या परजीवीच्या मागे लागले. मी डॉक्टर नाही, पण हट्टी आहे.

याचं पूर्ण नाव टॉक्सोप्लाझ्मा गोंडी. १९०८ साली ट्युनिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शार्ल निकोल आणि लुई मान्सो यांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये आल्फोन्सो स्प्लेन्दोरे यांना तो सशात दिसला. 'टॉक्सो' म्हणजे विष असं मला वाटायचं. तसं नाही, ग्रीक 'टॉक्सोन' म्हणजे धनुष्य, आणि हा एकपेशीय जीव सूक्ष्मदर्शकाखाली कमानीसारखा वाकलेला दिसतो. 'गोंडी' हे त्या गुंडीचंच नाव, थोडं चुकून लिहिलेलं. म्हणजे नावात कुठेही मांजर नाही. मांजराचा संबंध आहे हे कळायलाच पुढची साठेक वर्षं गेली.

ती साठ वर्षं मला फार आवडतात. माणसांत हा संसर्ग भरपूर आहे हे तोवर कळलेलं होतं, आईकडून पोटातल्या बाळाला होतो हेही. अर्धकच्च्या मांसातून येत असावा असा एक तर्क होता आणि तो बरोबरच होता. मग १९५९ साली मुंबईत झालेल्या एका पाहणीत कट्टर शाकाहारी लोकांतही त्याच्या अँटिबॉडी मांसाहारी लोकांइतक्याच आढळल्या. आता काय करायचं? गायी-मेंढ्या तरी कुठे मांस खातात, त्यांनाही तो होतोच. १९६५ मध्ये विल्यम हचिसन यांनी मांजराच्या विष्ठेतून संसर्ग पसरतो हे दाखवलं, आणि १९७० मध्ये फ्रेंकेल आणि मूळचे भारतीय जितेंद्र दुबे यांच्या गटाने विष्ठेतली ती नेमकी अवस्था ओळखून काढली: ऊसिस्ट, कवचात बंद, डोळ्यांना न दिसणारी. ती मातीत, पाण्यात, पाल्यावर जाते. शाकाहाराचं कोडं सुटलं.

मांजरच का, याचं उत्तर तर अगदी अलीकडचं आहे, २०१९ चं. लिनोलिक आम्ल नावाचा एक स्निग्ध घटक असतो. तो मोडणारं एक विकर (एन्झाइम) इतर सस्तन प्राण्यांच्या आतड्यात काम करतं, मांजरांच्या आतड्यात करत नाही. म्हणून तिथे हे आम्ल साठतं, आणि टॉक्सोप्लाझ्माच्या नर-मादी अवस्था तयार व्हायला नेमकं तेच लागतं. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये ते विकर औषधाने बंद पाडलं, वर लिनोलिक आम्ल खायला घातलं, आणि उंदराच्या पोटातही ऊसिस्ट तयार झाले. एवढ्याशा रसायनापायी वाघ-बिबट्यांपासून आमच्या मनीपर्यंत अख्ख्या मार्जारकुळावर हा शिक्का!

आता खरी मेख. मांजर हे ऊसिस्ट आयुष्यभर टाकत नाही. बहुतेक मांजरं पहिल्यांदा संसर्ग झाला की एक ते तीन आठवडेच टाकतात. त्या काळात लाखोंनी टाकतात हे खरं, पण पुढे सहसा नाही. आणि हा पहिला संसर्ग होतो उंदीर-पाखरं मारून खाल्ल्यावर किंवा कच्चं मांस खाल्ल्यावर. घराबाहेर न पडणाऱ्या, कोरडं खाणं खाणाऱ्या नऊ वर्षांच्या मनीने तो आणायचा कुठून? त्यात ताज्या विष्ठेतला ऊसिस्ट लगेच संसर्ग करूच शकत नाही, पिकायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. लिटर बॉक्स रोज साफ केला, तो गरोदर बाईऐवजी दुसऱ्याने केला, हात धुतले, की विषय संपला. मांजराच्या अंगावरून हात फिरवल्याने, त्याच्या श्वासाने, केसांनी हा होतो असं जे मोठ्या विश्वासाने सांगितलं जातं, त्यात तथ्य जवळजवळ नाही.

पिकलेले ऊसिस्ट मात्र ओल्या मातीत वर्षभरही टिकतात. म्हणून बागेत हात घालणं, न धुतलेला पाला खाणं, न गाळलेलं पाणी पिणं यांना मी घाबरते. १९९५ मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात या रोगाची मोठी साथ आली ती नळाच्या पाण्यातून. त्या लोकांपैकी कितीजणांनी तोवर आपल्या मांजरांकडे संशयाने पाहिलं असेल कोण जाणे.

आणि मांस. युरोपातल्या सहा शहरांतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ३० ते ६३ टक्के संसर्गांचं मूळ नीट न शिजलेल्या किंवा नुसत्या खारवलेल्या मांसात सापडलं, ६ ते १७ टक्के मातीत, आणि मांजराशी संपर्क हा धोक्याच्या यादीतच बसला नाही. त्याआधीचा १९६५ चा एक प्रयोग वाचून तर अंगावर काटा आला. पॅरिसजवळच्या एका आरोग्यधामातल्या मुलांच्या जेवणात जेमतेम शिजवलेलं मांस घातलं आणि संसर्ग किती वाढतो ते मोजलं. एरवी वर्षाला १० टक्के मुलांना संसर्ग व्हायचा, गायीचं किंवा घोड्याचं मांस दिल्यावर ५० टक्के, मेंढीचं दिल्यावर १०० टक्के. आज असा प्रयोग कुणी सुचवला तरी त्याची नोकरी जाईल, आणि जावीच. पण मांसातल्या पुटी, म्हणजे परजीवीच्या झोपलेल्या गाठोड्या, संसर्गाला किती पुरेशा असतात हे त्या मुलांनी सिद्ध केलं, त्यांना न विचारता. आतपर्यंत ६७ अंशांच्या वर तापलेल्या मांसात त्या पुटी तग धरत नाहीत, म्हणजे उपाय चुलीवरच आहे.

तरी घरात गरोदर बाई असली की पहिली गच्छंती मांजराची. पाहुणचारात कच्चंपक्कं काय वाढलं जातंय ते कुणी बघत नाही.

कुणी असं समजू नये की मी या रोगाला किरकोळ म्हणतेय. जगातल्या साधारण एक तृतीयांश माणसांना हा संसर्ग होऊन गेलाय असा अंदाज आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना कळलंही नाही. फार तर मानेत गाठी, चार दिवस कणकण. पण ज्यांना तो धरतो त्यांना वाईट धरतो. गरोदरपणात पहिल्यांदाच झाला तर बाळापर्यंत पोहोचू शकतो. यातला उलटा हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे: सुरुवातीच्या महिन्यांत तो बाळाला होण्याची शक्यता कमी, पण झाला तर नुकसान जास्त. गर्भपात होऊ शकतो, डोक्यात पाणी साठू शकतं, दृष्टिपटलावर व्रण पडतात. शेवटच्या तिमाहीत होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, पण मूल जन्मतः बहुधा धडधाकट दिसतं आणि डोळ्यांचा त्रास कधीकधी कित्येक वर्षांनी उपटतो. फ्रान्समध्ये अँटिबॉडी नसलेल्या गरोदर बायकांची दर महिन्याला तपासणी होते, ती याचसाठी.

दुसरी भीती प्रतिकारशक्ती खचलेल्यांना. स्नायूंत आणि मेंदूत हा परजीवी पुटी करून झोपून राहतो. आजच्या औषधांनी त्याचा जागा झालेला अवतार मरतो, झोपलेला नाही. टेनिसपटू आर्थर ॲश यांचा उजवा हात १९८८ मध्ये अचानक लुळा पडला. मेंदूची शस्त्रक्रिया केली तेव्हा टॉक्सोप्लाझ्मा निघाला, आणि त्यावरून त्यांना एड्स असल्याचं कळलं. एचआयव्ही आला होता हृदयाच्या शस्त्रक्रियेवेळी दिलेल्या रक्तातून. परजीवी बहुधा आधीपासून तिथेच होता, पहारा उठायची वाट बघत.

हे खरे धोके. पण यांचे फॉरवर्ड येत नाहीत. फॉरवर्ड येतात ते 'मेंदूचा ताबा घेणाऱ्या किड्या'चे.

ती गोष्ट सुरू होते २००० साली ऑक्सफर्डला. तिथल्या संशोधकांनी उंदरांना वेगवेगळ्या वासांचे कोपरे दिले. निरोगी उंदीर मांजराच्या मुताच्या वासाचा कोपरा टाळायचे, संसर्ग झालेले तितकंसं टाळत नव्हते, काही तर तिकडेच रेंगाळायचे. मांजराने उंदीर खाल्ला की परजीवी पुन्हा मांजराच्या आतड्यात, म्हणजे आपल्या घरी. इतकी सुरेख गोष्ट कुणाला सोडवेल? मग २०२० मध्ये जिनिव्हाच्या गटाने दाखवलं की अशा उंदरांची एकूणच भीड चेपते, ते कोल्ह्याच्या वासालाही बिचकत नाहीत, आणि मेंदूतली सूज जितकी जास्त तितका हा परिणाम जास्त. म्हणजे कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या ओढणारा धूर्त खेळिया वगैरे नसेलही, आजारी मेंदूचा बेफिकीरपणा असेल. गोष्ट तरीही भारी आहे, फक्त फॉरवर्डच्या कामाची राहिली नाही.

माणसांबद्दल सगळ्यात जास्त बोलले ते प्रागचे यारोस्लाव्ह फ्लेग्र. त्यांना स्वतःलाही हा संसर्ग आहे. अँटिबॉडी असलेल्यांचे रस्त्यावर अपघात २.६५ पट जास्त, असा त्यांचा २००२ चा निष्कर्ष गाजला. दुसऱ्या एका गटाने बिझनेस शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत हा संसर्ग जास्त असल्याचं दाखवलं. स्किझोफ्रेनियाचा धागा यापेक्षा गंभीर आहे. अनेक अभ्यास एकत्र केले तर त्या रुग्णांत अँटिबॉडी असण्याचं प्रमाण अडीच-पावणेतीन पट भरतं. हे मी उडवून लावत नाही. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही. आजारपणात माणसाचं खाणं-राहणं बदलतं, गरिबीचा दोघांशी संबंध असू शकतो. न्यूझीलंडच्या डुनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतलाय. त्यातल्या ८३७ जणांची अँटिबॉडी तपासली, २८ टक्के पॉझिटिव्ह निघाले. स्किझोफ्रेनिया, नैराश्य, स्वभाव, अपघात, स्मरणशक्ती, सगळं ताडून पाहिलं आणि फरक जवळजवळ काहीच हाती लागला नाही. या अभ्यासाचा फॉरवर्ड कुणाला आलाय का?

आणि एक निरीक्षण, हवं तर कुरकुर म्हणा. या किड्यावरचे विनोद कायम 'मांजरवाल्या वेड्या बाई'वर असतात. मांजरवाला वेडा बुवा कधी ऐकलाय? चाचणीचं ओझंही बाईवरच. लागोपाठ तीन गर्भपात झालेल्या बायकांना 'तुमचा टॉक्सो पॉझिटिव्ह आहे' म्हणून औषधं दिल्याचे किस्से मी ओळखीत ऐकलेत. पहिला संसर्ग आयुष्यात एकदाच होतो, मग तीन गर्भपातांचं खापर त्याच्यावर कसं फोडणार? एकटा आयजीएम पॉझिटिव्ह आला तरी लगेच हातपाय गाळायचे नसतात, तो कधीकधी वर्षभर रेंगाळतो. त्यापुढे ॲव्हिडिटी नावाची चाचणी असते, आयजीजी किती घट्ट चिकटते ते मोजणारी. ती जास्त आली तर संसर्ग किमान तीन-चार महिने जुना. हे डॉक्टरांना विचारा. आत्याला नको, मलाही नको.

भाची आता पाच वर्षांची आहे, तिची दृष्टी माझ्यापेक्षा चांगली आहे. मनी माझ्याकडेच राहिली. बहिणीने दोनदा परत मागितली, मी दिली नाही, त्यावरून आमच्यात अजून अधूनमधून वाजतं.

हे सगळं मी काल फोनवर आत्याला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही माणसाला तपासण्याऐवजी मांजरालाच का नाही तपासत?"

म्हटलं, "तपासता येतं गं. पण मांजर पॉझिटिव्ह आलं तर त्याचा अर्थ, जे टाकायचं ते बहुधा टाकून झालंय. निगेटिव्ह आलं तर ते अजून व्हायचंय."

पलीकडे बराच वेळ शांतता.

"म्हणजे नापास झालेलं मांजरच बरं?"

"हो आत्या."

"मग हे तू ग्रुपवर टाक," म्हणाली, "मला असलं लिहिता येत नाही."