रविवार पेठेतला दुकानदार करबुडवा कसा ठरला?

येळ्ळूरच्या आमच्या आत्यांनी परवा बेळगावच्या रविवार पेठेतल्या आपल्या नेहमीच्या दुकानात, जिथे त्यांचे वर्षानुवर्षांचे खाते आहे, ‘जीएसटीचे बिल नसेल तर तांदूळ नको’ असे सुनावले आणि त्या रिकामी पिशवी घेऊन घरी परतल्या. हा प्रताप ‘पेठेत खरेदी का करू नये’ या निनावी व्हॉट्सॲप संदेशाचा. पेठेतले व्यापारी सुटा माल विकून कर बुडवतात, वजनात मारतात, भाव मनाला येईल तसा लावतात, भेसळ करतात आणि तिथे गाडी लावायला जागा नसते, म्हणून मॉलमधून किंवा मोबाइलवरूनच खरेदी करावी, असा त्याचा सारांश आहे.

पहिला आरोप सर्वांत खोटा आणि सर्वांत घातक आहे. जो कर लागूच नाही तो बुडवणार कसा? १८ जुलै २०२२ पासून तांदूळ, गहू, डाळी, पीठ, रवा यांच्या २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या मालावर ५ टक्के जीएसटी लागला. हाच माल सुटा विकला तर कर नाही, हे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी दुसऱ्याच दिवशी वस्तूंच्या यादीसह जाहीर केले होते. म्हणजे पोत्यातून मापून घेतलेल्या बासमतीवर आत्या मागत होत्या तो कर अस्तित्वातच नाही. शिवाय कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर स्वतःच्या खिशातून भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला करपात्र मालावरही गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेण्याची मुभा नाही. त्याच्या बिलावर कराचा रकाना दिसणार नाही, म्हणून तो चोर ठरत नाही.

‘यूपीआय नको म्हणतो तो चोरच’ असा टोमणाही संदेशात आहे. जुलै २०२५ मध्ये आपल्याच कर्नाटक राज्याच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या, आणि ताजी भाजी करमुक्त असूनही हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याच्या हाती २९ लाखांची नोटीस पडली. त्या धास्तीने ठिकठिकाणचे क्यूआर कोड उतरले. पुढे जुनी थकबाकी वसूल करणार नाही, असे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना सांगावे लागले. साड्या, भांडी अशा करपात्र मालाच्या बाबतीत मात्र ‘बिल हवे असेल तर भाव वेगळा’ असे ऐकवणारे काही महाभाग आपल्या बाजारात आहेत, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. त्यांच्याकडे बिलाचा आग्रह जरूर धरावा.

वजनाविषयी एवढेच सांगतो की, दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी सरकारी पडताळणी होऊन त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि तो शिक्का पाहायला मागण्यात संकोच कसला? उलट एक किलोच्या सीलबंद पाकिटात, सरासरी बरोबर असेल तर, १५ ग्रॅमपर्यंतची तूट नियमच चालवून घेतो. ‘मनमानी भावा’चा आक्षेप तर पोरकट आहे. पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त कोणालाच घेता येत नाही, आणि सुट्या तांदळाचा भाव शेजारच्या चार दुकानांत विचारून, दाणा तळहातावर घेऊन, नवा की जुना ते पाहून ठरवता येतो. गाडीचे म्हणाल तर गणेशोत्सवात गणपत गल्लीत चालायलाही जागा नसते, हे कोण नाकारील? पण तो दोष पेठेतल्या दुकानदाराच्या माथी मारणे हा न्याय नव्हे.

भेसळीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. दळलेले मसाले आणि खाद्यतेल सुटे विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांनी मनाई आहे. उघड्या पोत्यातले तिखट किंवा डब्यातून मापून दिलेले तेल कोणी घेऊ नये. पण आपल्याकडे वर्षाची चटणी, म्हणजे लाल तिखट, करणारी घरे तयार तिखट घेतात कुठे? ब्याडगी मिरची रंगासाठी आणि संकेश्वरी चवीसाठी अख्खी आणायची, देठे खुडायची, उन्हात कडकडीत वाळवायची आणि मग डंकावर समोर उभे राहून, शिंकत-खोकत कांडून घ्यायची, ही आपली रीत. त्या तिखटात भेसळ करायची झालीच, तर ती घरच्यांनाच करावी लागेल.