पवनचक्क्या ढग पळवतात म्हणे!

जून कोरडा जायला लागला की माणदेशात, म्हणजे सातारा-सांगलीच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात, आणि आजूबाजूला तोच मेसेज फिरतो: पवनचक्क्यांनी ढग पळवले, सरकारच्या हरित ऊर्जेपायी आपला पाऊस गेला, पाती बंद करा. गोष्ट जुनीच आहे. २००३ च्या दुष्काळातही सातारा-सांगलीकडे पारावर हेच बोललं जायचं. आता तिला धोरणाचं शेपूट जोडलंय. राज्याच्या २०२० च्या धोरणात २०२५ पर्यंत १७,३६० मेगावॉट अपारंपरिक विजेचं उद्दिष्ट होतं, त्यातले २,५०० मेगावॉट वाऱ्याचे. म्हणजे आणखी पाती, म्हणजे आणखी दुष्काळ, असा हिशेब.

पहिला मुद्दा, 'पाती पंख्यासारखा वारा मारतात आणि ढग पुढे ढकलतात.' अहो, पंख्याला आपण वीज देतो. इथे चक्कीच वाऱ्याकडून ताकद काढून घेते. पात्यामागे वारा उलट मंदावतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा सावरतो.

दुसरा, 'ढग पात्यांनी फाटतात, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.' पाहिलं असेल, मीही पाहिलंय. जुलैत साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे चक्क्यांच्या पठारावर, उभे राहा. खांब दिसतो, वरचं पातं ढगात गडप होतं, तेच खाली येताना पुन्हा दिसतं आणि डोक्यावर नुसतं घुंऽ घुंऽ चालू असतं. पण तेवढ्या वेळात तुमची छत्री उलटी झालेली असते आणि तुम्ही नखशिखांत भिजलेले असता! ढग पळत असते तर सगळ्यात आधी हा सडा कोरडा पडला असता. सड्याच्या अलीकडेच ठोसेघरचा धबधबा कोसळतो तो कशावर? शिवाय पात्याचं टोक जमिनीपासून फार तर दोन-अडीचशे मीटर, आणि जोराचा पाऊस देणारा ढग कित्येक किलोमीटर उंच.

तिसरा मुद्दा सगळ्यांत जास्त चालतो: 'चक्क्या यायच्या आधी पाऊस बरा होता.' १९७२ साली सह्याद्रीवर एकही चक्की नव्हती. त्या साली रोजगार हमीची खडी कोणी फोडली, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तिथून शंभरेक किलोमीटरवर माणदेशातल्या दहिवडीकडे पाचशेच्या आसपास. सह्याद्री चढताना ढग रिकामे होतात, पलीकडे उतरणारी हवा कोरडी असते. माणदेश पर्जन्यछायेत आहे, चक्क्यांच्या आधीपासून.

आणि २०१९ चा ऑगस्ट? चक्क्या जागच्या जागी होत्या. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तेव्हा मात्र 'पात्यांनी ढग ओढून आणले' असं कोणी लिहिलं नाही.

आता जे खरं आहे ते. टॉवरच्या रस्त्यासाठी डोंगराची कड कापतात, मुरूम पहिल्याच पावसात खालच्या शिवारात उतरतो. आमच्या पाहुण्यांच्या वावरात असा वीतभर गाळ बसला, ज्वारी गेली. पंचनामा व्हायला चार महिने लागले, तोही बांधावर उभं राहून. जमिनीचा दर, ग्रामपंचायतीचा थकलेला कर, तारांना धडकणारे पक्षी, यावर भांडायला कागद लागतात आणि ते मिळतातही. ग्रामसभेत हे विषय निघाले की मागून कोणीतरी उठतो आणि ढगांचं काढतो. मग कंपनीचा माणूस हसतो, आणि गाळाचा विषय तिथेच राहतो.