ॲलर्जी तीन वेळा का विचारली, याबद्दल

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला. तुम्हाला ३५ मिनिटं थांबावं लागलं आणि डॉक्टर स्क्रीनकडे बघूनच बोलत होते, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हीबद्दल मनापासून माफी मागतो. बरं नसताना बाकावर ताटकळत बसणं सोपं नसतं.

पण "कॉम्प्युटर आल्यापासून यांची डोकी चालेनाशी झालीत, तेच तेच तीन वेळा विचारतात" हे वाक्य फार लागलं. तुमच्या आजाराबद्दल इथे एक अक्षरही लिहिणार नाही, ती तुमची खाजगी बाब आहे. पद्धतीबद्दल मात्र सांगतो.

नावासोबत जन्मतारीख विचारतो, कारण एकाच नावाचे दोन पेशंट एकाच सकाळी आलेले आहेत. ॲलर्जीचा रकाना रिकामा असणं आणि त्यात 'ॲलर्जी नाही' लिहिलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकामा म्हणजे अजून कळलेलं नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी नोंदलेली असताना डॉक्टरांनी ॲमॉक्सिसिलिन निवडलं, तर आमच्या सिस्टिममध्ये लाल चौकट येते आणि कारण लिहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. दोन्ही औषधं एकाच कुळातली, पण नावावरून पेशंटला ते कसं कळावं? नोंदच नसेल तर चौकट येत नाही, चिठ्ठी निमूटपणे छापून निघते. शिवाय काउंटरवर "काही नाही" म्हणणाऱ्या माणसाला, नर्स बीपी बघत असताना आठवतं की लहानपणी एका इंजेक्शननंतर अंगभर गांधी उठल्या होत्या. हे आम्ही नेहमी बघतो.

तुम्हीही काउंटरवर "लिहा काहीही, आटपा लवकर" म्हणालात. काउंटरवर काम करणाऱ्या आमच्या मुलीने काहीही लिहिलं नाही. रकाना तसाच ठेवून तिने नर्सला विचारायला सांगितलं. तिने बरोबरच केलं, आणि तिला उद्धट म्हटलेलं मला पटलं नाही.

मी स्वतः हाताने चिठ्ठ्या लिहायचो तेव्हा एकदा पुढे शून्य न देता '.५' लिहिलं. टिंब पुसट उमटलं आणि ते ५ वाचलं गेलं, म्हणजे दहापट डोस. मेडिकलवाल्याला शंका आली, त्याने फोन केला, म्हणून निभावलं. त्यानंतरच कर्ज काढून ही सिस्टिम घेतली. औषधांतल्या चुकांनी होणारी इजा टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेला २०१७ मध्ये जगभर मोहीम हाती घ्यावी लागली, इतक्या या चुका सगळीकडे होतात.

आणि ती ३५ मिनिटं कॉम्प्युटरमुळे गेली नाहीत. आत तातडीचा पेशंट होता. बाहेर कुणी तसं सांगितलं नाही, ही चूक आमचीच. यापुढे सांगतील. स्क्रीन पेशंटलाही दिसेल अशी फिरवून घ्यायचं बघतोय, स्क्रीनवर येणारे बारीकसारीक इशारेही कमी करून घ्यायचे आहेत, म्हणजे डॉक्टरांची नजर तिथे अडकणार नाही.

आमचं क्लिनिक छोटं आहे. एक स्टार बघून नवीन माणूस जिन्यावरूनच परत फिरतो, म्हणून एवढं लिहिलं. पुन्हा आलात तर चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. ॲलर्जी आम्ही तेव्हाही विचारूच.