आई शेतकरी नाही म्हणे

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलं तरी वाचा.

सकाळी बाबांचा फार्मर आयडी काढायला आई-बाबांना घेऊन सेंटरवर गेले. बाबांचं झालं तशी आई पुढे सरकली, "माझा बी काढ की रं बाळा." पोरगा स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, "आजी, सातबारा तुमच्या नावावर नाही. तुम्ही शेतकरी नाहीत." आईने पुढे केलेलं आधार कार्ड गुपचूप पिशवीत ठेवलं.

पोराचं चुकलं नाही. आयडी जमिनीच्या कागदाला जोडलेला असतो, त्याच्या हातात काय आहे? मान्य.

पण बेचाळीस वर्षं ही बाई त्या शिवारात राबतेय हो! ज्वारीचं बियाणं कुठल्या कणसांचं धरायचं ते ती ठरवते, राख चोळून गाडग्यात भरून ठेवते. खुरपणीने आणि कापसाच्या वाळक्या बोंडांनी तिची बोटं अशी झिजलीत की अंगठ्याच्या मशीनवर तिचा ठसा उठत नाही. रेशनच्या दुकानात चार-चारदा पुसून दाबावा लागतो. शेतीने हातावरच्या रेषासुद्धा नेल्या, आणि ती शेतकरी नाही?

'शेतकरी' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? पटकाच ना? आणि 'शेतकरीण' म्हणजे शेतकऱ्याची बायको, जशी पाटलाची पाटलीण. कोळीण तेवढी स्वतः मासे विकते म्हणून तिचा शब्द तिचा राहिला. शेतात राबणारीला आपण तेवढाही ठेवला नाही.

आणि राग कुणावर काढू? आठवीत असताना शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावापुढे 'गृहिणी' मीच लिहिलं होतं. आई तेव्हा कुठे होती? निंदायला गेली होती. दिवेलागणीला ती आली, मी फॉर्म वाचून दाखवला, ती म्हणाली, "बरंय." मला कुणी शिकवलं नव्हतं तसं लिहायला. हेच मला आज सकाळपासून छळतंय.

कागदावरची व्याख्या कधीच बदललीय. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतमजूर, बटाईदार, जनावरं पाळणारे, सगळे शेतकरी धरलेत. व्यवहारात मात्र सातबारा दाखवा. कर्जाला सातबारा, अनुदानाला सातबारा. शेतात राबणाऱ्या बाईने विष घेतलं तरी तिच्या नावावर जमीन नाही म्हणून ती बऱ्याचदा शेतकरी आत्महत्येत मोजली जात नाही. मेल्यावरसुद्धा नाही!

हो, लक्ष्मी मुक्ती योजना आहे, माहितीय. १९९२ पासून आहे. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज दिला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागतं. चांगलीच आहे. पण अर्ज नवऱ्याने द्यायचा. आमच्या गल्लीत किती जणांनी दिला, विचारा.

बाबा वाईट नाहीत. आईला विचारल्याशिवाय त्यांनी कधी पेरा ठरवला नाही. तिचं नाव लावावं हे त्यांच्या मनातच आलं नाही, जसं आठवीत माझ्या आलं नाही.

परतताना रिक्षात आई म्हणाली, "जाऊ दे गं, शेत तुझ्या बापाचंच हाय." बाबा बाहेर बघत होते. काही बोलले नाहीत.

दुपारी अर्ज लिहिला. आईच्या नावापुढे व्यवसाय 'शेती' लिहिताना हात थरथरला, खरं सांगते. सही बाबांची लागते. त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवलाय.